पंचगंगेवर नमुने कुठे आणि कधी घ्यावेत, मॉडेल कोणतं वापरावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. शिरोळ तालुक्यातल्या महाविद्यालयात तुम्ही पर्यावरणशास्त्र शिकवता. एक वर्षाचा प्रकल्प मंजूर झालाय, हातात दोन लाख रुपये आहेत. पंचगंगेचा इचलकरंजी ते नृसिंहवाडी हा टप्पा निवडलाय. दर महिन्याला दहा ठिकाणचं पाणी घेऊन वीस घटक तपासायचे, त्यातून पाणी-गुणवत्ता निर्देशांक (सगळ्या घटकांचा मिळून एकच आकडा) काढायचा, असा बेत आहे. आणि विचारलंय की शेवटी मॉडेल म्हणून क्वाल-टू-के (नदीतल्या पाण्याच्या गुणवत्तेचं गणित करणारा संगणक-प्रोग्राम) घेऊ की मशीन लर्निंग करू.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न यात नाहीच. तो तुमच्या मजकुराच्या शेवटच्या ओळीत आलाय: "उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरतात आणि गावातले लोक आम्हाला कारण विचारतात." ही ओळ वर घ्या आणि बाकी सगळं तिच्याखाली लावा. दहा ठिकाणं, वीस घटक, बारा महिने एवढं सगळं करूनही या ओळीचं उत्तर मिळणार नाही. सत्तावीस वर्षं हे काम केल्यावर खात्रीने सांगतो, कारण सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी स्वतः असेच तक्ते भरत होतो.

प्रश्न बदलला की मोजमाप बदलतं. नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाआधी लोक संगमावर डुबकी मारतात, ती सुरक्षित आहे का, हा प्रश्न असेल तर मलजन्य जिवाणू मोजायला हवेत. स्नानाच्या पाण्यासाठी त्यांची मर्यादा १०० मिलीलिटरला ५०० ही इष्ट आणि २,५०० ही कमाल धरतात. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न वेगळाच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती आठवत असेल. बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात तो आकडा. काविळीचा विषाणू त्यात कधीच दिसत नाही. आणि कोणाच्या सांडपाण्याचा वाटा किती, हे शोधायचं असेल तर नदीपेक्षा नाल्यांवर जास्त वेळ घालवावा लागतो. या सगळ्याचं एकच वेळापत्रक आणि एकच यादी केली की कशाचंच धड उत्तर निघत नाही. मी पुढे माशांचाच प्रश्न धरून बोलतो.

सगळ्यात आधी नदी कशी आहे ते बघू. प्रयाग चिखलीच्या संगमापासून वाडीपर्यंत पंचगंगा साधारण ऐंशी किलोमीटर. तिच्यावर राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात, पावसाळ्याच्या तोंडावर काढतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने तुमच्यासमोर असते ती एकामागोमाग एक लावलेल्या लांबट तळ्यांची माळ. पुस्तकातली जवळजवळ सगळी सूत्रं वाहत्या नदीवर बेतलेली आहेत. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली ऑक्सिजनचं पहिलं गणित मांडलं ते अमेरिकेतल्या ओहायो नदीवर.

फरक किती पडतो ते हिशेबानेच बघा. हे आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमच्या जागेवरचे नाहीत. समजा बंधाऱ्यामागचं पाणी ८ किलोमीटर लांब, ६० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल आहे. म्हणजे साठा झाला १४ लाख ४० हजार घनमीटर. उन्हाळ्यात वरून सेकंदाला ३ घनमीटर पाणी येत असेल, तर ते पाणी या एका पट्ट्यातून बाहेर पडायला साडेपाच दिवस लागतात. हेच आठ किलोमीटर सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणाऱ्या नदीत साडेचार तासांत संपले असते. शिवाय हवेतून ऑक्सिजन पाण्यात शिरण्याचा वेग प्रवाहाच्या वेगावर आणि खोलीवर ठरतो. ओ'कॉनर आणि डॉबिन्स यांचं सूत्र लावलं तर अर्धा मीटर वेग आणि एक मीटर खोली असताना हा दर प्रतिदिन सुमारे २.८ येतो. ऑक्सिजनची जितकी तूट असेल तिला या दराने गुणलं की हवेतून किती वेगाने भर पडते ते कळतं. आपल्या बंधाऱ्यामागे तो येतो ०.१. अठ्ठावीस पटींनी कमी! नाला तोच, त्यातली घाण तेवढीच, तरी एका ठिकाणी नदी दिवसाभरात सावरते आणि दुसऱ्या ठिकाणी आठवडाभर गुदमरलेली राहते.

म्हणून माझा पहिला खर्च मी पाण्याच्या तपासणीवर करत नाही, प्रवाह मोजण्यावर करतो. प्रवाहाशिवाय मिळालेला मिलिग्रॅम-प्रतिलिटरचा आकडा म्हणजे नुसताच भाव कळणं, माल किती ते न कळणं. नाल्याचा प्रवाह तर मोजायला अगदी सोपा. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, संत्रं टाका, वेळ मोजा. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणा आणि काठीने मोजलेल्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा. संत्रं हवं, कारण ते बरंचसं बुडून चालतं आणि वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्माकोल वापरू नका. नदीसाठी करंट मीटर शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडे बहुधा असतो, मागून घ्या. बंधाऱ्यावरून किती पाणी सुटतंय हे पाटबंधारे खात्याच्या तिथल्या माणसाला माहीत असतं. त्याच्याशी ओळख काढा. माझा अनुभव असा की वर्षाच्या शेवटी सगळ्यात उपयोगी पडतो तो त्याचा फोन नंबर.

प्रवाह कळला की निम्मं मॉडेल एका ओळीत होतं. पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. नदी सेकंदाला १० घनमीटर, बीओडी लिटरला २ मिलिग्रॅम. नाला ०.८ घनमीटर, बीओडी ६०. मिसळल्यावर बीओडी ६.३. नाला तोच ठेवा आणि नदीचं पाणी ३ घनमीटरवर आणा, बीओडी १४ च्या वर जातो. प्रदूषण वाढलं असं वर्तमानपत्रात छापून येतं, तेव्हा कितीदा तरी नाला तेवढाच असतो, वरचं पाणी आटलेलं असतं. वजनात बघितलं तर या नाल्यातून दोन्ही वेळी दिवसाला ४,१०० किलोच्या आसपासच बीओडी येतोय.

यात एक फसवी जागा आहे. नाल्याचं पाणी नदीत पडल्या पडल्या मिसळत नाही, एका काठाला चिकटून किलोमीटर किलोमीटर जातं. तुम्ही पुलावरून मधोमध बाटली सोडली तर नाला आहे हे कळणारही नाही, आणि त्या काठावर उभं राहून भरली तर नदी मेलीच असं वाटेल. नमुन्याची जागा पक्की करण्याआधी होडीतून वाहकता-मापक (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र) घेऊन नदी आडवी ओलांडा आणि पाच ठिकाणी वाचन घ्या. रंगकामाच्या सांडपाण्यात क्षार भरपूर असल्यामुळे इचलकरंजीच्या बाजूला ही युक्ती चांगली चालते. पाचही वाचनं जवळपास सारखी आली की ती जागा धरायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण मी पाहिलेल्या दहांतल्या आठ अहवालांत कोणी केलेलं नसतं.

आता वेळ. इथे माझीच फजिती सांगतो. दुसऱ्या एका खोऱ्यात आम्ही दोन वर्षं एका डोहाचे नमुने घेत होतो. जीप आठला निघायची, आम्ही साडेअकराला पोचायचो. विरघळलेला ऑक्सिजन दर वेळी लिटरला ७ मिलिग्रॅमच्या पुढे, एकदा तर १०. मी अहवालात "ऑक्सिजनची स्थिती समाधानकारक" असं लिहून मोकळा झालो. मे महिन्यात तिथे मासे मेले. एक म्हातारे भोई मला म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवायच्या वेळेला येता, मासा मरतो कोंबडा आरवायच्या आधी." दुसऱ्या दिवशी काठावर मुक्काम केला. पहाटे साडेपाचला ऑक्सिजन १ च्या खाली होता. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. दुपारी १० असणं ही तब्येत ठणठणीत असल्याची खूण नव्हती, उलट शेवाळ बेसुमार माजल्याची होती. ३० अंशांना पाण्यात साडेसातच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, तेव्हा १० बघूनच मी थबकायला हवं होतं.

म्हणून बारा महिने दहा ठिकाणं असं पसरू नका. चार ठिकाणं घ्या आणि मोजके दिवस पूर्ण चोवीस तास मोजा. दर तीन तासांनी ऑक्सिजन, तापमान, सामू (पीएच) आणि वाहकता. पृष्ठभागावर आणि तळापासून अर्धा मीटर वर, दोन्हीकडे. ऑक्सिजनसाठी मीटर असला तरी विंकलरच्या बाटल्या (रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची जुनी रीत) सोबत हव्यातच आणि दिवसातून दोनदा मीटर त्यांच्याशी ताडून बघायचा. नदीत कायमचा सेन्सर बसवायच्या फंदात या पैशांत पडू नका. आठवडाभरात त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि मग तो त्या थराचा ऑक्सिजन सांगत बसतो. शिवाय चोरीला जातो, ते वेगळंच.

माशांच्या मरणाला तुमच्या टप्प्यात मला तीन संशयित दिसतात. पहिला म्हणजे साचलेल्या पाण्यात पहाटे ऑक्सिजन संपणं. दुसरा, कोणीतरी एकदम सोडलेलं विषारी सांडपाणी. आणि तिसरा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही: बंधाऱ्यामागे सात महिने बसलेला काळा गाळ बरगे काढताना किंवा पहिल्या पावसाच्या लोंढ्यात ढवळला जाणं. गाळातून सल्फाइड सुटतं, अमोनिया सुटतो आणि उरलासुरला ऑक्सिजन काही तासांत संपतो.

तिघांच्या खुणा वेगळ्या असतात. ऑक्सिजन संपला तर मरण पहाटे येतं, मोठे मासे आधी जातात, मरण्यापूर्वी पृष्ठभागावर तोंड काढून आ वासतात. मरळ मात्र हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून ती टिकते. विषाचा लोंढा आला तर वेळेचा नेम नाही, बारकी पिल्लंही सुटत नाहीत, आणि मेलेल्या माशांचा पट्टा पाण्याबरोबर खाली सरकताना दिसतो. गाळ उठला असेल तर पाणी काळं होतं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि तारीख बरगे काढण्याच्या किंवा वळवाच्या आसपासची निघते. हे सगळं बघायला यंत्र लागत नाही, पण त्या दिवशी तिथे माणूस लागतो. तुमच्या विद्यार्थ्यांतली तेरवाड-शिरोळची पाच-सहा पोरं निवडा. प्रत्येकाकडे चार स्वच्छ बाटल्या, बर्फाचा डबा आणि विंकलरची दोन रसायनं देऊन ठेवा. मासे तरंगल्याचं कळल्यापासून तासाभरात नमुना घेतला तरच त्याला अर्थ. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचनाम्याबरोबर घेतलेलं पाणी म्हणजे चोर गेल्यावर काढलेला घराचा फोटो.

घटकांची यादी निम्म्यावर आणा. ऑक्सिजन, तापमान, सामू, वाहकता हे जागेवरच. प्रयोगशाळेत बीओडी, सीओडी (घाणीचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन), अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा. अमोनिया कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. माशाला घातक असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण सामूवर ठरतं. ३० अंशांना सामू ८ असेल तर एकूण अमोनियाच्या साडेसात टक्केच मुक्त असतो, सामू ९ झाला की ४५ टक्के. दुपारी शेवाळामुळे सामू चढतो, म्हणजे पहाटे ऑक्सिजनची आणि दुपारी अमोनियाची अशी दुहेरी फास असते. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनाच्या 'ड' वर्गाला ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया कमाल १.२ मिलिग्रॅम धरलाय. कित्येक मासे त्याच्याही बऱ्याच खाली अस्वस्थ होतात, हे लक्षात असू द्या.

बीओडीबद्दल एक सावधगिरी, खास तुमच्या भागासाठी. कापड प्रक्रियेच्या पाण्यात जिवाणूंना मारणारे पदार्थ असू शकतात. मग बाटलीतले जिवाणूच मरतात, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि बीओडी छान कमी येतो! ओळखायची रीत अशी: तोच नमुना तीन-चार वेगवेगळ्या पातळपणाने लावा. जितकं जास्त पातळ कराल तितका हिशेबाने निघणारा बीओडी वाढत गेला, तर पाण्यात विष आहे. सीओडी भरमसाट आणि बीओडी नावाला, हीदेखील तीच खूण. जड धातू मोजायचेच असतील तर पाण्यात नको, वर्षातून दोनदा गाळात मोजा. पाण्यातला धातू आज आहे, उद्या वाहून गेला. गाळ वर्षभराची नोंद धरून ठेवतो. कीटकनाशकांच्या तपासण्या महाग आहेत. विषाच्या लोंढ्याचा ठोस संशय आल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

जैविक निरीक्षण करावं का? करावं, पण तुलना नीट करावी. तळातल्या अळ्या-किडे कुटुंबागणिक ओळखून गुण देण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत खळाळत्या पाण्यातल्या मेफ्लायला भरपूर गुण आणि लाल अळ्या, गांडूळवर्गी किडे यांना एक-दोन. बंधाऱ्यामागच्या साचलेल्या गाळात मेफ्लाय नसणारच, पाणी स्वच्छ असलं तरी. त्यामुळे तेरवाडची तुलना भोगावती या उपनदीच्या वरच्या खडकाळ पात्राशी केलीत तर अर्धा दोष बंधाऱ्याचा आणि नाव प्रदूषणाचं होईल. कोल्हापूर शहराच्या वरच्या अंगाला साचलेल्या पाण्याचा एखादा पट्टा शोधा आणि त्याच्याशी तुलना करा. "मासे तर सापडतात की" या युक्तिवादालाही भुलू नका. जाळ्यात चिलापी आणि मांगूरच येत असतील तर तो नदीच्या तब्येतीचा दाखला नाही, ते कशातही जगतात. दहा-वीस वर्षांपूर्वी काय मिळायचं ते जुन्या मच्छीमारांना विचारून लिहून घ्या.

आता मॉडेल. क्वाल-टू-के चांगलं आहे, फुकट मिळतं, त्यात बंधाराही घालता येतो. पण ते प्रवाह स्थिर धरतं. जानेवारी ते एप्रिल, बरगे घातलेले आणि आवक फारशी बदलत नसेल, तर ते तुमच्या संशयित क्रमांक एकसाठी चालेल. बरगे काढतानाच्या त्या दोन दिवसांना ते निरुपयोगी. त्यासाठी तासागणिक बदलणारा प्रवाह धरणारी मॉडेलं आहेत, एचईसी-रास किंवा वॅस्प, पण त्यांना नदीचे आडवे छेद आणि तासागणिक पाण्याची पातळी खाऊ घालावी लागते. तुमच्याकडे ती नाही आणि दोन लाखांत येणारही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एक्सेलमध्ये टाक्यांचं मॉडेल केलं असतं. प्रत्येक बंधाऱ्यामागचं पाणी म्हणजे एक किंवा दोन टाक्या. आत येणारं, बाहेर जाणारं, कुजण्यात खर्च होणारा ऑक्सिजन, हवेतून मिळणारा, आणि गाळ ओढतो तो. हा शेवटचा धागा विसरू नका. गाळ चौरस मीटरला दिवसाला २ ग्रॅम ऑक्सिजन ओढत असेल, तर ३ मीटर खोल पाण्यात तो लिटरला दिवसाला ०.६७ मिलिग्रॅम घटवतो. वर काढलेल्या ०.१ च्या दराने हवा जेमतेम तेवढंच परत देते, तेही पाणी जवळजवळ रिकामं झाल्यावर. वरून केंदाळाने पाणी झाकलं असेल तर तेवढंही नाही. म्हणजे उद्या नाले पूर्ण बंद केले तरी गाळ काही काळ मासे मारत राहील, अशी शक्यता या छोट्या गणितातूनच समोर येते. गावकऱ्यांना आणि खात्याला सांगायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मॉडेल कुठलंही घ्या, सगळे आकडे त्याला दाखवू नका. फेब्रुवारीच्या मोजणीवर मॉडेलमधले दर, म्हणजे गुणक, बसवा, एप्रिलची मोजणी कपाटात कुलपात ठेवा आणि मग ताडून बघा. मी एकदा सगळीच मोजणी वापरून एक मॉडेल इतकं सुरेख जुळवलं होतं की सादरीकरणात टाळ्या पडल्या. पुढच्या मे महिन्यात त्याने ऑक्सिजन ५ सांगितला, पाण्यात होता २. एवढे गुणक हाताशी असले की बैलगाडीचा आलेखही जुळवता येतो.

मशीन लर्निंगबद्दल थोडक्यात: दहा ठिकाणं आणि बारा महिने, म्हणजे एकशेवीस ओळी. त्याही एकमेकींशी बांधलेल्या. त्यातून सीओडीवरून बीओडी ओळखणारं काहीतरी निघेल आणि निबंध छापूनही येईल. मासे का मेले ते कळणार नाही. निर्देशांकाचंही तसंच. पहाटेचा शून्य ऑक्सिजन आणि उत्तम नायट्रेट यांची सरासरी करून "मध्यम" असा शेरा देणारा आकडा निदानाला कामाचा नाही. मंजुरीच्या कागदात लिहिलाच असेल तर शेवटच्या पानावर एक तक्ता टाका.

यातलं बरंच काही परिस्थितीवर ठरेल. त्या वर्षी वरून पाणी किती सुटतंय, केंदाळ किती पसरलंय, साखर हंगाम कधी संपतोय, यावर वेळापत्रक हलवावं लागेल. पैसे तिप्पट असते तर मी आडवे छेद आधी घेतले असते. आणि तुमची प्रयोगशाळा किती काटेकोर आहे ते मला माहीत नाही, म्हणून दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा तपासा आणि थोडे नमुने अर्धे करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी लावायचा. जीपच्या मागच्या सीटवर दुपारभर तापलेल्या बाटलीतून निघालेला आकडा लिहिण्यापेक्षा रकाना रिकामा सोडा.

तर क्रम असा ठेवा: ऑक्टोबरात बरगे घातल्यावर काठीने आणि दोरीने खोली मोजून साठा काढा, वाहकतेने जागा पक्क्या करा. डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये चोवीस तासांच्या मोजण्या, त्याच दिवशी नाल्यांचे प्रवाह. मार्चमध्ये गाळ. मे महिन्यापासून पोरांना बाटल्या देऊन सावध ठेवा, आणि बंधाऱ्यावरच्या त्या माणसाला सांगून ठेवा की बरगे काढायच्या आदल्या संध्याकाळी फोन कर. त्या रात्री झोपायला घरी जाऊ नका. खोलीचे आकडे हाती आले की मला पाठवा, कुठल्या पट्ट्याला एक टाकी पुरेल आणि कुठे दोन लागतील ते बघून सांगतो.